सर्व वाटांचा एकच टायर: एका तडजोडीचा इतिहास

१/
चिखल, खडी, मुरूम, ओले दगड आणि मध्येच थोडे डांबर. अशा मिश्र वाटेवर सायकल नेणारा प्रत्येक जण दुकानात एकच प्रश्न विचारतो: "सगळीकडे चालेल असा टायर कोणता?" हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो वीस सैनिकांच्या पायांखाली शब्दशः चिकटला होता. आजचा धागा त्या प्रश्नाच्या प्रवासाविषयी.

२/
आरंभ १८४५ साली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या अवघ्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचे आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवण्यात आली. कल्पना उत्तम होती. पण रबर महाग होते आणि सायकलीचे युग अजून उगवायचे होते. शोध विस्मरणात गेला.

३/
चार दशकांनी, १८८७ मध्ये, बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. १८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यावर ते रद्दही झाले. मात्र तोवर जगाला कळून चुकले होते की हवा भरलेले चाक भरीव रबरापेक्षा सुखद तर असतेच, शिवाय वेगवानही असते. १८८९ मध्ये विली ह्यूम यांनी बेलफास्टच्या शर्यती याच टायरवर जिंकल्या.

४/
१८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी रिमवरून काढता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत शार्ल तेराँ यांनी त्यावर जिंकली. आता पंक्चर झाले म्हणजे प्रवास संपला, असे राहिले नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा सारा विकास रस्त्यासाठी झाला होता. टायर अरुंद, हवा कडक. रस्ता संपला की काय, हे कोणी विचारलेच नव्हते.

५/
ते विचारले गेले अमेरिकेतील माँटाना राज्यात. १८९६ साली मिझूला येथील लष्करी ठाण्यात लेफ्टनंट जेम्स मॉस यांनी २५ व्या पायदळ रेजिमेंटमधून सायकलस्वारांची एक तुकडी उभारली. सायकलीला ना चारा लागतो, ना पाणी. मग ती घोड्याची जागा घेईल का, हे पाहायचे होते. या रेजिमेंटचे सैनिक कृष्णवर्णीय होते, अधिकारी गोरे. प्रयोग मॉस यांचा होता. पायडल मारणारे पाय प्रामुख्याने त्या सैनिकांचे.

६/
१४ जून १८९७. वीस सैनिक, मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि एक वार्ताहर मिझूलाहून निघाले. गंतव्य सेंट लुईस: सुमारे १,९०० मैल, म्हणजे ३,००० किलोमीटरांहून अधिक. सायकलीवर तंबूचे कापड, अंथरूण, शिधा आणि भांडी; शिवाय प्रत्येकाजवळ रायफल व काडतुसे. वाटेत रॉकी पर्वताच्या रांगा, गवताळ मैदाने आणि वाळूचे प्रदेश. आजच्या भाषेत सांगायचे तर मिश्र वाटेची याहून कठोर चाचणी क्वचितच झाली असेल.

७/
पहिला शत्रू चिखल. माँटानाची चिकण माती पावसात चाकाला लिंपून बसते. आपल्याकडच्या काळ्या मातीतून भर पावसात सायकल नेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. टायर आणि चिमटा यांच्यामधल्या फटीत माती भरली की चाक फिरेनासे होई. मग उतरायचे, माती खरवडायची, थोडे पुढे जायचे, पुन्हा उतरायचे. हे टळावे म्हणून तुकडी कित्येकदा रेल्वेमार्गावर चढली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून हाडे खिळखिळी करत पुढे सरकली.

८/
दुसरा शत्रू वाळू. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत सायकली मैलोन्‌मैल ढकलाव्या लागल्या. त्यातच असह्य ऊन आणि क्षारयुक्त पाण्याने आलेले आजारपण.

असे का झाले? उत्तर साध्या गणितात आहे. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब, म्हणजे साधारणपणे टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ. भार ५० किलो आणि दाब ६० पीएसआय असेल तर सुमारे १२ चौरस सेंटिमीटर. दाब ३० वर आणा: सुमारे २४. कडक टायर वाळूत सुरीसारखा रुततो. मऊ टायर पसरतो आणि तरंगतो.

९/
मग त्यांनी हवा कमीच का ठेवली नाही? कारण अरुंद टायरमध्ये हवा कमी केली की दगडाच्या धक्क्याने रिम थेट जमिनीवर आदळते. कमी दाब हवा असेल तर टायरच्या पोटात अधिक हवा मावली पाहिजे. म्हणजेच टायर रुंद हवा. मिश्र वाटेवरच्या टायरचे पहिले सूत्र हेच आहे. ते १८९७ च्या या प्रवासातूनच उघड दिसत होते. त्याला साजेसा टायर मात्र तेव्हा हाताशी नव्हता.

१०/
४१ दिवसांनी, २४ जुलैला, तुकडी सेंट लुईसला पोहोचली. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटले, रेजिमेंट क्युबाला गेली आणि प्रयोग संपला.

या प्रवासात सैनिकांचे नेतृत्व करणारे सार्जंट मिंगो सँडर्स यांचे पुढे काय झाले? १९०६ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे झालेल्या गोळीबाराचा ठपका ठेवून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याच रेजिमेंटच्या १६७ सैनिकांना कोणताही खटला न चालवता बडतर्फ केले. पाव शतकाहून अधिक सेवा केलेले सँडर्स त्यांत होते. ती बडतर्फी लष्कराने रद्द केली १९७२ मध्ये.

११/
रुंद टायर आला तो वेगळ्याच दारातून. १९३३, जागतिक मंदीचा काळ. शिकागोच्या श्विन कंपनीचे फ्रँक श्विन यांनी जर्मनीत पाहिलेल्या जाड टायरांवरून २६ इंची, सव्वादोन इंचांना थोडा कमी रुंद असा 'बलून' टायर अमेरिकी सायकलीवर आणला. हेतू डोंगर चढण्याचा नव्हता. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या, पदपथाच्या कडेवर सायकल आपटणाऱ्या मुलांना टिकाऊ वाहन हवे होते. दोन-तीन वर्षांत इतर उत्पादकही याच वाटेने गेले.

१२/
आणखी चाळीस वर्षे पुढे. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटी. माउंट टॅमलपाइसच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून काही तरुण वेगाने खाली उतरू लागले. त्यांना हव्या त्या सायकली कोणी बनवतच नव्हते. म्हणून त्यांनी भंगारातून, अडगळीतून ३०-४० च्या दशकांतल्या श्विन सायकली काढल्या. वजनाने बोजड, दिसायला ओबडधोबड. पण त्यांच्या रिमांवर जाड टायर बसत होते. निवड सायकलीची नव्हती, टायरची होती.

१३/
२१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रिपॅक' ही उताराची शर्यत प्रथम झाली. अंतर सुमारे दोन मैल, उतार सुमारे १,३०० फूट. नावाची कथा मजेदार आहे. उलटे पायडल मारून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे. प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावे याच उतारावर घडली.

१४/
१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी सायकल बांधली. सांगाडा नवा, चाकाचे माप मात्र तेच जुने, २६ इंची. कारण त्याच मापात जाड, ठोकळेदार टायर मिळत होते. ती पहिली 'ब्रीझर' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

म्हणजे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांसाठी ठरलेले माप पुढची तीन दशके माउंटन बाइकचे प्रमाण माप राहिले. श्रेष्ठ म्हणून नव्हे, उपलब्ध म्हणून.

१५/
याला पुरावा आहे. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स यांनी आपली डोंगरी सायकल थोड्या मोठ्या '६५०बी' चाकांवर बांधली. टायर होते फिनलंडच्या नोकियाचे, बर्फासाठी बनवलेले. होय, पुढे मोबाइलमुळे घरोघरी पोहोचलेली तीच नोकिया. त्या काळी ती रबराच्या वस्तूही बनवत असे. ॲप्स यांनी काही टायर कॅलिफोर्नियालाही पाठवले. परंतु पुरवठा भरवशाचा नव्हता. कल्पना होती, माल नव्हता. थॉमसन यांच्या नशिबी आले होते तेच पुन्हा.

१६/
१९८० च्या दशकात जपानी कारखान्यांतून हलके टायर आणि ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या आणि ही सायकल उतरणीसारखीच चढणीलाही योग्य झाली. याच काळात 'सर्व वाटांचा टायर' स्वतंत्र वस्तू म्हणून दुकानात दिसू लागला. मध्यभागी जवळजवळ अखंड पट्टी, कडेला उंच ठोकळे. डांबरावर पट्टी गुळगुळीत धावते. मातीत टायर थोडा रुतला की कडेचे ठोकळे पकड घेतात. युक्ती चतुर होती, पण ओल्या चढणीवर तीच पट्टी घसरायची.

१७/
मग शहाणपण आले: दोन्ही चाकांचे काम एक नाही. पुढचे चाक दिशा देते आणि ब्रेकचा मोठा भार झेलते. मागचे चाक ढकलते. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि त्या दशकात पुढच्या व मागच्या चाकांसाठी वेगवेगळ्या नक्षीचे टायर सर्रास विकले जाऊ लागले. पॅनारेसरची 'डार्ट' पुढे आणि 'स्मोक' मागे ही जोडी त्या पिढीला आजही आठवते.

१८/
१९९९ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे. माविक, हचिन्सन आणि मिशलँ यांनी ट्यूबविरहित प्रणाली आणली. ट्यूबच नाही, म्हणून ती रिमखाली चिमटून फाटण्याचे भय नाही. म्हणून दाब आणखी कमी ठेवता येतो. मिझूलाच्या सैनिकांना हेच हवे होते.

त्याच वर्षी डब्ल्यूटीबीचा 'नॅनोरॅप्टर' आला: २९ इंची चाकासाठीचा पहिला खराखुरा जाड टायर. टायर आधी आला, सायकलींची लाट नंतर. आणि २०१२ मध्ये नीनो शुर्टर यांनी ॲप्स यांच्याच ६५०बी मापावर विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकली.

१९/
मग आज कोणता टायर निवडावा? इतिहास नाव सांगत नाही. विचारण्याची रीत सांगतो.

आपली बहुतेक वाट कोणती? कोरडी, घट्ट असेल तर बुटके, जवळजवळचे ठोकळे. चिखलाची असेल तर उंच, विरळ ठोकळे आणि चिमट्यात भरपूर मोकळी जागा. दोन्ही असेल तर मध्यम उंचीचे ठोकळे: पुढे अधिक पकडीचा, शक्यतो थोडा रुंद टायर, मागे अधिक सहज धावणारा. मऊ रबर चिकटून धरते, पण लवकर गोटा होते. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी हवा थोडी कमी-जास्त करून पाहा. हा बदल फुकट आहे.

२०/
"सगळीकडे चालणारा" टायर म्हणजे सगळीकडे उत्तम असणारा नव्हे. कुठे थोडे हरायचे, हे आधीच ठरवलेला टायर. त्याने काय सोडले आहे हे ज्याला कळले, त्याची निवड सहसा चुकत नाही.

२१/
शेवटी एक काम. आपल्या सायकलीच्या टायरची कड पुसून त्यावरचे आकडे वाचा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. '५४-५५९' दिसले तर ते शिकागो, १९३३. '५८४' असेल तर ॲप्स यांचे अपुरे राहिलेले स्वप्न. आजोबांच्या काळ्या, '२८ बाय दीड'च्या सायकलीवर '६३५' सापडेल. तिचा इतिहास आणखी वेगळा.

मिंगो सँडर्स आणि त्यांच्या सोबत्यांचा मात्र कोणताही आकडा तिथे छापलेला नाही. म्हणून हा धागा.

तुमच्या टायरवर कोणता आकडा निघाला, ते खाली लिहा.