दुखरी कंबर आणि ताकदीच्या पायऱ्या: तालमीपासून जिमपर्यंतचा इतिहास (थ्रेड)

१/
'मागे एकदा कंबर धरली होती. आता जिम लावू का? वजने उचलू का?' हा प्रश्न आजच्या पिढीचा वाटतो. परंतु त्यामागे दोन जुन्या परंपरा उभ्या आहेत. एक तालमीची: बळ पायरीपायरीने चढवावे. दुसरी दवाखान्याची: दुखऱ्या भागाला विश्रांती द्यावी. या दोन परंपरांचा सामना कसा झाला आणि त्याचा निकाल काय लागला, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
आरंभ प्राचीन ग्रंथांपासून. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाला स्पष्ट मर्यादा आहे. सकस आहार घेणाऱ्या बलवान माणसानेही, तेही थंडीत आणि वसंतात, आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी, हे 'सुश्रुतसंहिता' सांगते: श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती संपली. म्हणजे माप ओझ्याचे नाही, ते करणाऱ्याच्या देहाचे आहे.

३/
मात्र त्याच वाग्भटाने वातपित्ताचे रुग्ण, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेले यांना व्यायाम वर्ज्य ठरवला. प्रमाणाचा विचार सूक्ष्म होता, पण तो प्रामुख्याने निरोगी माणसासाठी होता. आजारी देहाने व्यायामाच्या दाराबाहेर थांबावे, ही समजूत त्यामुळे बरीच जुनी आहे. पुढच्या सगळ्या कथेत हा धागा लक्षात ठेवावा.

४/
बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांची प्रतवारी आहे आणि त्यांच्या नित्य मेहनतीचे प्रकारही. वजनाची मेहनत म्हणजे भारश्रम, चालण्याची भ्रमणश्रम, पाण्यातली सलिलश्रम आणि खांबावरची स्तंभश्रम. या शेवटच्या प्रकारात अभ्यासक मल्लखांबाचा पूर्वज पाहतात. वजन हा मेहनतीचा एक भाग होता. संपूर्ण मेहनत नव्हे.

५/
मराठी मुलखातील तालमीने हीच रीत आपल्या पद्धतीने चालवली. नवखा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला सोडत नसे. आधी हौदातली माती उकरणे, थोरल्या पैलवानांची मालिश करणे, मोजके जोर, मोजक्या बैठका. मग हलकी जोडी हाती येई. जड जोडी, करेला, गदा पुढे. जोर-बैठकांचा आकडा महिनोन्महिने हळूहळू वाढे. शिकवण्याची ही पायरी कुठे लिहिलेली नसे; ती वस्तादाच्या नजरेत असे.

६/
या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. बहुतेक तालमींचे दार स्त्रियांना बंद होते. ज्ञान वस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होते आणि त्याच्याबरोबरच संपतही होते. दुखापत झालेल्या पठ्ठ्यासाठी मालिश आणि हाडे बसवण्याची विद्या होती. परंतु कोणाला कशाने गुण आला, याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.

७/
दुबळ्या देहाने आरंभ केल्याचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण लोकमान्य टिळकांचे. १८७०च्या दशकाच्या आरंभी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिले आणि त्या वर्षी परीक्षेत अपयशही पत्करले. चरित्रकार हा प्रसंग निर्धाराची कथा म्हणून सांगतात. आपण त्यातला काळ पाहू: आठवडे नव्हे, संपूर्ण वर्ष.

८/
व्यायाम आणि उपचार एकाच छपराखाली आणणारे नाव म्हणजे बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव. त्यांचे गुरू जुम्मादादा. त्यांच्याच नावाने जुम्मादादा व्यायाममंदिर ओळखले जाते. माणिकराव मल्लविद्येत आणि शस्त्रविद्येत पारंगत होते, सामूहिक कवायतीसाठी त्यांनी देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या, आणि हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. मोडलेला देह सांधणे आणि मग त्याला बळ देणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच विद्येची दोन अंगे होती.

९/
याच काळात एक युरोपीय नाव मराठीत कायमचे शिरले. जर्मन व्यायामपटू यूजेन सँडो १९०४-०५च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. आजही बिनबाह्यांच्या बनियनला आपण 'सँडो' म्हणतो, ते त्याच्याच नावावरून! रंगमंचावर तो प्रचंड वजने उचले. शिष्यांना मात्र हलके डंबेल देई आणि वयानुसार आवर्तने किती करावीत, ती कशी वाढवावीत, याची कोष्टके छापी. तालमीत जे वस्तादाच्या नजरेत होते, ते येथे कागदावर आले.

१०/
सँडोचा एक निष्ठावान अनुयायी साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात होता: भवानराव पंतप्रतिनिधी. सुमारे दहा वर्षे त्यांनी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि १९२८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. साधनाविना, खर्चाविना, मुलींनाही करता येणारा हा व्यायाम होता. त्यात पाठीचा कणा आळीपाळीने पुढे आणि मागे वाकतो. पाठीला हालचालीपासून दूर ठेवण्याचा विचार येथे मुळीच नव्हता.

११/
माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासले. 'गुरूने सांगितले' या प्रमाणाच्या जोडीला 'मोजून पाहिले' हे प्रमाण आले. मराठी व्यायामपरंपरेतील हे फार मोठे वळण होय.

१२/
१९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीस शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था सुरू केली. तेव्हाचे मुंबईचे हे उपनगर वस्तादाच्या जागी प्रशिक्षित शिक्षक उभा करण्याच्या प्रयोगाचे ठिकाण बनले. तिकडे बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. नजरेतली विद्या ग्रंथात उतरली.

१३/
आता दुसरी परंपरा. १८६०च्या दशकात लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी विश्रांती हाच निसर्गाचा उपचार, असा सिद्धांत व्याख्यानांतून मांडला. त्यांच्यानंतर ह्यू ओवेन थॉमस यांनी हाडे-सांध्यांच्या रोगांत सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती सांगितली. मोडलेल्या हाडाला आणि क्षयाने पोखरलेल्या सांध्याला हा उपचार योग्य होता. पण तो हळूहळू साध्या पाठदुखीलाही लागू झाला आणि 'पडून राहा' हा सार्वत्रिक सल्ला बनला.

१४/
१९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकतीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतू दाबला जातो, हे दाखवून दिले. शोध खरा आणि मोलाचा होता. परंतु लोकभाषेत त्याचे 'गादी सरकली' झाले. जणू पाठ म्हणजे विटांची डळमळीत चळत, जरा वजन आले की ढासळणारी! वास्तविक बहुसंख्य पाठदुखीत अशी एकच नेमकी इजा बोट ठेवून दाखवता येत नाही. शब्दांनी भीती रुजवली ती अशी.

१५/
येथे माहुलकडे पाहणे आवश्यक वाटते. तुर्भ्याच्या खाडीकाठचे हे जुने कोळ्यांचे गाव. १९५०च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि अलीकडे शहरातील प्रकल्पग्रस्तांच्या उंच इमारती. मासळीची पाटी, पाण्याचा हंडा, गॅसची टाकी: वजन उचलणे येथे छंद नव्हे, दिनक्रम आहे. 'वजन उचलू नका' हा सल्ला अशा घरात पाळायचा कसा? पाळला तर रोजगार बुडतो. न पाळला तर दुखण्याचा दोष त्याच माणसाच्या माथी येतो.

१६/
शिवाय, 'रोज एवढे ओझे उचलतात, त्यांना व्यायामाची काय गरज?' हा प्रश्नही फसवा आहे. पाटीचे वजन मासळी ठरवते, पाठ नव्हे. हंडा आज अर्धा आणि पुढच्या महिन्यात पाऊण, अशी सोय नसते. दुखत असेल त्या दिवशी ओझे कमी होत नाही आणि विसावाही मिळत नाही. ओझे आणि व्यायाम यांत फरक प्रमाणाचा आणि निवडीचा आहे. वाग्भटाची अर्धी शक्ती श्रमिकाच्या वाट्याला क्वचितच येते.

१७/
या दोन परंपरांची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात, शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात. तेथे टॉमस डिलॉर्म हा तरुण डॉक्टर होता. किशोरवयात संधिवाताच्या तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि बरा झाल्यावर वजने उचलूनच त्याने बळ कमावले होते. जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांवर त्याने तोच उपाय केला: जड वजन, पण क्रमाक्रमाने वाढवत नेलेले. १९४५ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

१८/
पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह त्याने पद्धत सोपी केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, ते रुग्णाचे माप. पहिली दहा आवर्तने त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. आज जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप्स' ऐकू येते, त्यामागे हे रुग्णालय आहे. निम्म्यापासून आरंभ पाहून वाग्भट आठवतो. हा वारसा नव्हे, योगायोगच. पण येथे आजारी देहासाठी दार उघडले, हे महत्त्वाचे.

१९/
विश्रांतीचा सिद्धांतही तपासला गेला. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती ताडून पाहिली. सात दिवसांनी अधिक गुण आला नाही. कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत १८६ जणांवर प्रयोग झाला. सर्वांत लवकर बरे झाले ते झेपेल तसे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे. सर्वांत उशिरा, अंथरुणात राहिलेले.

२०/
या दुसऱ्या प्रयोगातला एक तपशील विसरू नये. ऐन दुखण्यात पाठीचे व्यायाम करणारा गटही नित्य व्यवहार करणाऱ्यांच्या मागे पडला. म्हणजे कंबर नुकतीच धरली असताना व्यायामाची घाई नको. हिंडते-फिरते राहणे पुरे. बळ वाढवण्याची वेळ त्यानंतरची. म्हणून 'पूर्वी दुखली होती' आणि 'आज दुखते आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

२१/
जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये कंबरदुखी असलेले लोक जगात ६१ कोटी ९० लाख होते. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत आखीव व्यायामक्रमाची शिफारस आहे. उलट कंबरपट्टे आणि ताण देण्याचे उपचार नेहमीच्या काळजीत वापरू नयेत, असे म्हटले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या सल्ल्याला हे जवळजवळ उलटे उत्तर आहे.

२२/
तर इतिहास नवख्याला काय सांगतो? पहिले महिने शिकण्याचे आहेत. आधी कमरेत न मोडता नितंबसंधीतून वाकणे शिका. काठी पाठीला डोके, पाठ आणि माकडहाड अशी तीन ठिकाणी टेकवून सराव करता येतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हलक्या डंबेलने. दहा आवर्तनांनंतर आणखी दोन-तीन करता येतील, असेच वजन निवडा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. वाढ लहान आणि एका वेळी एकच: एकतर वजन, नाहीतर आवर्तने. आकडे वहीत लिहा. सँडोचे कोष्टक आता तुमचे तुम्ही करा.

२३/
थोडी कुरकुर झाली आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत निवली, तर सामान्यतः घाबरण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी पायरी उतरा, जिना सोडू नका. मात्र पायात वाढती बधिरता किंवा दुर्बळता, लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेभोवती संवेदना हरपणे, ताप, कारण नसता वजन घटणे, किंवा पडल्या-आपटल्यानंतरचे दुखणे असेल, तर जिम नव्हे, आधी डॉक्टर. येथे वाट पाहणे धोक्याचे आहे.

२४/
जिमने आपल्याला दोन गोष्टी दिल्या: सव्वा-अडीच किलोच्या चकत्या, ज्यांमुळे पायरी हवी तितकी लहान करता येते, आणि स्त्रियांसाठी उघडे दार. तिने बहुधा गमावले ते वस्तादाचे 'आज पुरे'. चांगला प्रशिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट मिळाला, तर तो तेच काम करतो. नवख्याने जिम निवडताना यंत्रे मोजू नयेत. आपल्याला थांबवणारा माणूस तेथे आहे का, हे पाहावे.

२५/
दुखलेली कंबर ही बळाच्या वाटेवरची बंदी नव्हे. ती कोणत्या पायरीवरून आरंभ करायचा, एवढेच सांगते. बाकी ज्यांचे ओझे त्यांच्या हाती नाही, त्यांच्यासाठी सल्ल्याच्या आधी ओझेच हलके करावे लागेल. तो इतिहास अजून घडायचा आहे.

तुमच्या गावच्या तालमीची, तेथील वस्तादांच्या शिकवण्याच्या रीतीची माहिती किंवा जुनी छायाचित्रे असतील, तर खाली अवश्य जोडा. थ्रेड समाप्त.