स्नॉर्कलिंग : सुरतेच्या नवशिक्यासाठी

स्नॉर्कलिंग : चेहऱ्यावर मास्क लावून, तोंडात वाकडी नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत पाण्याखालचे जीवन पाहण्याचा जलक्रीडाप्रकार. स्कूबामध्ये हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन खोल उतरतात. स्नॉर्कलिंग करणारा मात्र पृष्ठभागावरच राहतो आणि नळीच्या वरच्या टोकातून बाहेरचीच हवा घेतो. नवशिक्याला पोहण्यातली चपळाई लागत नाही. त्याला शिकायचे असते ते चेहरा पाण्यात असताना तोंडाने संथ श्वास घेणे. हे जमले की उरलेले सारे सोपे होते. हे न जमल्यास प्रवाळाच्या डोक्यावर तरंगत असूनही माणसाला काही दिसत नाही.

सुरत शहर तापीकाठी, मुखापासून थोडे आत वसले आहे. डुमस, सुवाली, हजिरा हे किनारे जवळ असूनही तिथे स्नॉर्कलिंग होत नाही, आणि होणारही नाही. कारण खंभातच्या आखाताच्या घडणीत आहे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्या आपला गाळ याच आखातात ओततात. आखात उत्तरेकडे निमुळते होत गेल्याने भरतीचे पाणी कोंडून उंच चढते. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या आसपास जातो आणि सुरतेजवळही तो कित्येक मीटरांचा असतो. एवढे पाणी रोज दोनदा आत-बाहेर धावते, त्यामुळे तळाचा गाळ कधी बसतच नाही. डुमसला ओहोटीच्या वेळी समुद्र दूरवर मागे सरतो आणि चिखल उघडा पडतो. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला सूर्यप्रकाश लागतो. या गढूळ पाण्यात तो पोहोचत नाही, आणि वरून बसणारा गाळ प्रवाळाला गुदमरवतो. म्हणून सुरतेच्या माणसाला पहिल्या स्नॉर्कलिंगसाठी प्रवास करावाच लागतो.

गुजरातेत प्रवाळ पाहायचे तर कच्छच्या आखातात जावे लागते. जामनगरच्या किनाऱ्यावर १९८२ मध्ये भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. त्याआधी, १९८० मध्ये, तिथे अभयारण्य घोषित झाले होते. नरारा येथे वनखात्याच्या परवानगीने ओहोटीच्या वेळी घोटाभर, गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ, समुद्रकाकड्या, खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपस पाहता येतो. हा अनुभव उत्तमच आहे, पण हे स्नॉर्कलिंग नव्हे. द्वारकेजवळ शिवराजपूरच्या किनाऱ्यावर आता पाण्याखाली नेणारे व्यावसायिक आहेत.

सुरतेतल्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आणि विदर्भातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी, आणि एकूणच सुरतकरांसाठी, कोकणातले मालवण हे अधिक चांगले ठिकाण आहे. सुरतेहून दक्षिणेकडे जाणाऱ्या काही गाड्या वसई-पनवेलमार्गे कोकण रेल्वेला लागतात. मालवणसाठी कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ हे स्थानक धरावे, पण आपली गाडी त्या स्थानकावर थांबते का ते आधी पाहावे. सुरत आणि मालवण या दोन गावांना इतिहासानेही बांधले आहे. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मध्ये झाली आणि मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. कुरटे बेटावरचा तो किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला. नवशिक्यांना आज जे स्नॉर्कलिंग करवले जाते ते मुख्यतः या किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि गाभाक्षेत्रात सिंधुदुर्ग व पद्मगड या किल्ल्यांभोवतीचे पाणी येते. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला. ती भीती निराधार नव्हती, हे पर्यटकाने लक्षात ठेवायला हवे, कारण ज्या होडीतून तो जातो ती बहुधा अशाच एखाद्या मच्छीमार कुटुंबाची असते. शेजारच्या तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळपठार आहे. त्याचा माथाच वीस मीटरांहून खोल असल्याने ते स्नॉर्कलिंगच्या पल्ल्यात येत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर वारा वाढतो आणि पाणी ढवळते, तर मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच असतात. दिवसातली सकाळ उत्तम, कारण वारा पडलेला असतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, प्रवाहाला जोर असतो, त्यामुळे तिथी पाहून बेत आखलेला बरा.

साधने तीनच. मास्कमध्ये नाक झाकलेले असले पाहिजे, म्हणून पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. दाट मिशी असल्यास कडेने पाणी शिरते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खळबळतात. किळस वाटली तरी हा उपाय खात्रीचा आहे. मास्कमधून वस्तू आहे त्याहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि एक-चतुर्थांशाने जवळ दिसते, त्यामुळे हाताशी वाटणारा खडक प्रत्यक्षात थोडा लांब असतो. नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते. ती दुप्पट-तिप्पट लांब करून खोल जाता येत नाही. खोलीबरोबर पाण्याचा दाब छातीवर वाढतो, मीटरभर खाली गेल्यावर पृष्ठभागावरची हवा आत ओढणे छातीच्या स्नायूंना झेपत नाही आणि लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा परत फिरते. तिसरे साधन पायांतले फिन. मार्गदर्शकाच्या रिंगला धरून तरंगायचे असेल तर पहिल्या वेळी ते नसले तरी चालते.

सगळा सराव सुरतेतच करता येतो आणि करावाच. महापालिकेचे तरणतलाव शहरभर आहेत. तिथल्या प्रशिक्षकाची परवानगी घेऊन, छातीपर्यंतच्या पाण्यात, कडेला धरून मास्क-नळी लावावी. आधी पाण्याबाहेर उभे राहून तोंडाने श्वास, मग चेहरा बुडवून. लांब, सावकाश उच्छ्वास ही खरी किल्ली. घाबरलेला माणूस भराभर उथळ श्वास घेतो, नळीतली वापरलेली हवा बाहेर पडत नाही आणि धाप आणखी वाढते. नंतर नळी मुद्दाम बुडवून पाणी आत येऊ द्यावे आणि एका जोरदार फुंकरीने ते वर उडवावे. मास्कमध्ये शिरलेले पाणी काढायला वरची कड कपाळाशी दाबून नाकातून हवा सोडतात. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेल्यांनाही हे वेगळे शिकावे लागते, कारण पोहताना डोके वर काढून श्वास घ्यायची सवय मोडायची असते. मालवणच्या होडीत हा सगळा धडा काही मिनिटांत उरकला जातो. ज्याने तो घरी गिरवला नाही, त्याचा पाण्यातला बहुतेक वेळ नळी सावरण्यात जातो.

समुद्रात लाइफ जॅकेट अंगातून काढू नये. पोहता येत असले तरीही. जोडीदाराशिवाय उतरू नये आणि त्याच्यावर सतत नजर ठेवावी, कारण स्नॉर्कलिंगमध्ये बुडणारा बहुधा हात-पाय मारत नाही, तो तसाच पालथा निश्चल दिसतो. हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. नळीतून श्वास ओढताना छातीला जास्त श्रम पडतात. दम लागला तर नळी काढून, उताणे होऊन विसावावे. श्वास कोंडून बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती जीवघेणी आहे, कारण त्यामुळे श्वासाची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

पाण्याखाली दिसणारे रंगीत खडक हे जिवंत प्राणी आहेत. त्यांतल्या पोरायटीससारख्या ढेकळासारख्या वाढणाऱ्या प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर असते, म्हणजे थकून त्यावर उभा राहिलेला एक माणूस कित्येक वर्षांची वाढ मोडतो. म्हणूनच उभे राहण्याची गरज पडू नये इतका श्वास आधी स्थिर हवा. मासे जमवण्यासाठी ब्रेड वा बिस्किटे टाकू नयेत, आणि कोणी टाकत असेल तर त्याला नको म्हणावे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही उचलून नेऊ नये.