एक पौंड धान्यापासून कामाच्या हक्कापर्यंत

सरकारी मदतीने गरिबाचे पोट भरते का, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातील दुष्काळी कामांवरच्या पुरुष मजुराला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेसे मानले. एवढ्यावर कष्टकरी माणूस तगणार नाही, असे तेथील आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी बजावले. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली. तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मात्र काम हे तेव्हा सरकारची मेहेरबानीच होते.

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे बांधबंदिस्ती, तलाव आणि खडीच्या कामांवर होती. लाल मिलो आणि सुकडी त्या पिढीच्या आठवणीत अजून आहेत. खाणे कमी झालेच; पण मजुराच्या हाती पैसा आल्याने बाहेरचे धान्य गावापर्यंत पोहोचले. टंचाईचा भार एकट्या भूमिहीनावर न पडता मोठ्या शेतकऱ्याच्या ताटापर्यंत वाटला गेला. इतक्या मोठ्या अवर्षणातही भूकबळींची जुनी रांग दिसली नाही.

वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. आता काम मागणे हा हक्क झाला. २००५ साली हाच विचार देशाच्या कायद्यात आला आणि आपण राहतो त्या प्रांतांपर्यंतही पोहोचला.

तरीही पोट भरणे आणि पोषण होणे एक नव्हे. मजुरी उशिरा मिळाली की वाण्याची उधारी वाढते आणि घरात पहिली काटछाट डाळीत, तेलात, दुधात होते. आई खडीवर असताना तान्ह्या मुलाला कोण भरवणार, याचे उत्तर मजुरीत नाही. त्यासाठी १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी लागते, शाळेतले शिजवलेले जेवण लागते, स्वच्छ पाणी लागते.

टेंपलसाहेबांनी मजुराचे धान्य मोजले. रोजगार हमीने त्याचा हक्क मान्य केला. त्याच्या मुलाचे ताट पाहण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.