नवी कवायत, जुनी फौज

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्व पायथ्याशी किला गेटची वस्ती आहे. तेथून एकामागून एक दरवाजे ओलांडीत वर जावे लागते. ऑगस्ट 1780 मध्ये इंग्रज कप्तान पॉफम याच्या कवायती शिपायांनी ही वाट टाळली आणि रात्री शिड्या लावून किल्ला मराठ्यांकडून घेतला. पुढे तो गोहदच्या राण्याकडे गेला व 1783 मध्ये महादजी शिंद्यांनी त्यास वेढा दिला. त्या वेळी डी बॉइन नावाचा सॅव्हॉयचा एक शिपाईगडी दोन पलटणी उभारून वेढा उठविण्याची योजना राण्यापुढे मांडीत होता. राण्याने ती घेतली नाही. उलट महादजींस धाक बसावा म्हणून बातमी तेवढी फोडली. महादजींनी मात्र माणूस हेरून ठेवला आणि 1784 मध्ये त्यालाच चाकरीस घेतले!

तथापि घेतल्या त्या दोनच पलटणी. ही सावधगिरी अकारण नव्हती. पानिपतावर एका पायाने अधू झालेल्या या सरदाराने 1761 मध्ये एकाच सैन्यात दोन युद्धपद्धती कशा भांडतात हे पाहिले होते. इब्राहिमखान गारद्याची पलटण तोफांच्या आधाराने पावलापावलाने सरकणारी, तर घोडदळाचा सारा भरवसा चपळाईवर. नवे हत्यार वाईट नव्हते. जुन्या चालीशी त्याचा मेळ घातला गेला नव्हता.

1787 मध्ये लालसोटला महादजींस माघार घ्यावी लागली. पण या दोन पलटणींनी चौक करून राठोडांचे हल्ले थोपविले. 1788 मध्ये आग्र्याजवळही त्या कसोटीस उतरल्या. तेव्हा डी बॉइनने फौज दहा हजारांपर्यंत वाढविण्याची परवानगी मागितली. महादजींनी ती नाकारली. तिजोरी रिती होती, आणि घोडदळाच्या सरदारांस पायदळाचे हे प्रस्थ कितपत रुचले असते? डी बॉइन चाकरी सोडून लखनौस गेला. या नकारास अदूरदृष्टी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या फौजेचा पगारच थकतो तिच्यात दहा हजारांची भर घालणे म्हणजे बंडाला आमंत्रण होते.

पुढे महादजींनी त्याला परत बोलाविले. आता पगारासाठी दुआबातील मुलूख स्वतंत्रपणे तोडून दिला. कंपू वेगळा, त्याचा पैसा वेगळा. घोडदळ आपल्या जागी राहिले. जून 1790 मध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता ही रणे याच कंपूने जिंकली.

एक सांधा मात्र कच्चा राहिला. पलटणींचे वरिष्ठ अधिकारी परकीयच राहिले. फेब्रुवारी 1794 मध्ये महादजी वारले. डी बॉइनही युरोपास परतला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्याच्या जागी आलेला पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि इतर कित्येक अधिकाऱ्यांनीही शिंद्यांची चाकरी सोडली. 1 नोव्हेंबर रोजी लासवारीला शिंद्यांच्या पलटणी या अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे गोलंदाज तोफा न सोडता तेथेच पडले.