झूम करून बघा

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावातला जुना गोठा, आठवडाभराच्या झडीने भिजलेली मातीची भिंत आणि तिच्यावर ओलीचा एक मोठा काळपट डाग. खाली चुलतभावाने लिहिलं होतं, 'झूम करून बघा. साईबाबा.' काकूने हात जोडले, काकांनी ओम साईराम लिहिलं आणि मग मोर्चा माझ्याकडे वळला. 'तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? तुला दिसले का?'

मला दिसले, हे आधीच कबूल करतो. डोक्याला बांधलेलं फडकं, खाली दाढी, एक खांदा जरा पुढे. एकदा दिसल्यावर ती भिंत नुसती भिंत म्हणून बघताच येईना.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि असले प्रश्न सुटत नाहीत तेव्हा कोड लिहितो. त्या रात्री फोटो लॅपटॉपवर घेतला आणि चेहरे ओळखणारा एक जुना प्रोग्रॅम त्यावर चालवला. त्याने दोन चौकोन काढले. एक विजेच्या मीटरवर, दुसरा खुंटीला टांगलेल्या घमेल्यावर. नियम थोडे सैल केले तर चौकोन अकरा झाले, त्यातला एक म्हशीच्या पाठीवर. डागावर मात्र एकही नाही.

हा प्रोग्रॅम ज्या पद्धतीवर चालतो, ती पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या दोघांनी २००१ साली मांडली. तिला डोळे, नाक वगैरे काही कळत नाही. ती फोटोवरून एक छोटी चौकट फिरवते आणि ठिकठिकाणी उजेड-अंधाराची वजाबाकी करते. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो. अशा पुष्कळ वजाबाक्या जुळल्या की चेहरा. मीटरला वर दोन स्क्रू आणि खाली एक फट होती, तेवढं तिला पुरलं.

आपला मेंदू यापेक्षा फार हुशार आहे, पण खोड तीच. चेहरा बघितला की मेंदूचा एक ठरावीक भाग जास्त जागा होतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं. २०१४ साली कांग ली यांच्या गटाने केलेला प्रयोग मला त्याहून मजेदार वाटतो. लोकांना सांगितलं की यातल्या निम्म्या चित्रांत चेहरा लपलेला आहे, आणि पुढे केल्या नुसत्या मुंग्या, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर यायच्या तशा. चेहरा एकातही नव्हता. तरी साधारण तीनातल्या एका चित्रात लोकांना तो दिसला. 'झूम करून बघा' या तीन शब्दांचं काम यात आलं.

पण माझं कोडं याने सुटलं नाही. डागात चेहरा दिसला, ठीक. तो साईबाबांचाच का दिसला? आमच्या खापरपणजोबांना तोच डाग दाखवला असता तर त्यांना कोण दिसलं असतं?

बहुतेक कोणीच नाही. त्यांच्या काळातल्या देवांना फारसे चेहरे नव्हते. आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा आहे. म्हणजे एक दगड आहे. नाक नाही, तोंड नाही, शेंदराच्या थरांनी गुळगुळीत झालेला. मराठवाड्यात असल्या दगडाला तांदळा म्हणतात, आणि हा प्रकार फक्त बांधावरचा नाही. माहूरची रेणुकासुद्धा तांदळाच आहे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, 'आजी, ह्याला डोळे कुठंयत?' ती शेंदूर कालवत होती. म्हणाली, 'थांब की, लावायचेत अजून.' आणि पदराच्या गाठीतून चांदीचे दोन डोळे काढून तिने त्या दगडावर चिकटवले.

देवांना घरोघरी एकच चेहरा मिळाला तो छापखान्यातून. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्या घरात कधी चित्रकार फिरकला नसता तिथल्या भिंतींवर पोचल्या. लक्ष्मी 'अशी दिसते' हे तेव्हा ठरलं.

साईबाबांचं तर याहून पुढचं आहे, कारण ते छापखाना आणि कॅमेरा दोन्ही असलेल्या काळातले. १५ ऑक्टोबर १९१८ ला त्यांनी देह ठेवला. मागे मोजकेच कृष्णधवल फोटो राहिले. पण फोटोचं महत्त्व त्यांच्या हयातीतच सुरू झालं होतं. 'श्री साईसच्चरित' लिहिणारे हेमाडपंत, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर, त्यांनी स्वतःच्या घरची एक हकिगत दिलीय. १९१७ सालच्या होळीला त्यांना पहाटे स्वप्न पडलं की बाबा आज जेवायला येणार. दुपारी वांद्र्याच्या घरी पानं मांडली, वाट बघून सगळे जेवायला बसणार इतक्यात दोन मुसलमान गृहस्थ दारात आले आणि कागदात गुंडाळलेली बाबांची तसबीर त्यांच्या हातात ठेवून गेले. हेमाडपंतांच्या लेखी बाबा जेवायला आले.

मग १९५४ साली समाधी मंदिरात बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली. तालीमांनी बाबांना पाहिलेलं नव्हतं, आधार फोटोचा. मूर्तीचे पुन्हा फोटो निघाले, फोटोंची कॅलेंडरं, रिक्षाच्या काचेवरचे स्टिकर, १९७७ चा हिंदी सिनेमा. फडकं, दाढी, किंचित पुढे झुकलेलं अंग. तीन-चार रेघांत ओळखू येईल इतका हा आकार आपल्या डोळ्यांत मुरलाय. शिवाय आमचं गाव पडतं गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे पाथरी, जिला बरेच लोक बाबांचं जन्मगाव मानतात. (जानेवारी २०२० मध्ये यावरून शिर्डी बंद झाली होती.) दुसऱ्या बाजूला नगर जिल्ह्यात शिर्डी. आमच्या गोठ्यावर दुसरं कोण उमटणार?

फोटोने मात्र एक नवी गोष्ट केली. दगडाला डोळे आजीने लावले हे आजीला माहीत होतं, दगडाला माहीत होतं, बघणाऱ्या मलाही माहीत होतं. फोटोत लावणारा हात दिसत नाही. १८९८ च्या मे महिन्यात सेकोंदो पिया नावाच्या वकिलाने इटलीतल्या तुरीनमधल्या एका जुन्या कापडाचा फोटो घेतला, आणि अंधाऱ्या खोलीत निगेटिव्ह धुताना त्याला काचेवर एक शांत, दाढीवाला चेहरा वर येताना दिसला. येशूचं कफन म्हणून ते कापड जगभर गाजलं ते या निगेटिव्हनंतर. १९८८ साली कार्बन तपासणीत ते १२६० ते १३९० या काळातलं निघालं. श्रद्धा ओसरली नाही, आणि ओसरावी असं माझं म्हणणंही नाही. मला नवल त्या काचेचं वाटतं. कॅमेरा खोटं बोलत नाही अशी तेव्हा नुकतीच समजूत बसत होती, त्यामुळे 'मला दिसलं' याचं 'सिद्ध झालं' व्हायला वेळ लागला नाही. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ यानाने मंगळावरच्या टेकडीचा चेहऱ्यासारखा फोटो पाठवला, तेव्हा नासाने सावल्यांचा खेळ म्हणूनच तो प्रसिद्ध केला होता. पुढची वीसेक वर्षं त्यावर पुस्तकं निघत राहिली. १९९८ आणि २००१ मध्ये जास्त स्पष्ट फोटो आले आणि टेकडी पुन्हा टेकडी झाली.

आता आपल्या इथलं. जुलै २०१८. बाबांच्या समाधीचं शताब्दी वर्ष चालू होतं. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री बातमी फुटली की शिर्डीत द्वारकामाईच्या भिंतीवर बाबांचा चेहरा दिसतोय. रात्रीच गर्दी लोटली, मोबाइल वर झाले, सकाळपर्यंत तो फोटो महाराष्ट्रभर. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या कॉटवर पडल्या पडल्या मी तो झूम करून पाहिला आणि घरच्या ग्रुपवर ढकलला. खाली एक हसरा इमोजी टाकला, म्हणजे मुलांना वाटावं मी टिंगल करतोय आणि आजीला वाटावं मी खूश आहे.

त्याच महिन्याच्या १ तारखेला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी, गावोगाव फिरून भिक्षा मागणारे. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांच्या क्लिप सगळ्यांच्या फोनमध्ये होत्या. सगळ्यात जास्त फिरली ती मोटारसायकलवरून येऊन गल्लीतलं पोर उचलून नेणाऱ्या दोघांची. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला होता.

ती क्लिप मीही पाठवली होती. जूनमध्ये, घरच्याच ग्रुपवर. 'काळजी घ्या, आपल्या भागात आलेत' असं वर लिहून. आपल्या भागात म्हणजे कुठे, कोण, मला काहीही माहीत नव्हतं.

आमच्याकडे दरवर्षी पेरणी आटोपल्यावर एक गोसावी यायचे. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात डौर. ओट्याखाली उभे राहून भैरवनाथाचं गाणं म्हणायचे आणि आजी सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची. माझ्या बारशाच्याही आधीपासूनचा हा रिवाज. डौर वाजवायला त्यांनी मला एकदा शिकवलं होतं, जमलं नाही. त्या जुलैत ते आले तेव्हा आजी मळ्यात होती. माझ्या आईने दार लावून घेतलं, कडी घातली आणि आतून सांगितलं की पुढे जा, नाहीतर लोकांना बोलावते. ते गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

आईला दोष द्यावा असं काही नाही. तिच्या फोनवर इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने पाठवलेली क्लिप होती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीने हे सांगितलं. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, 'तीस वर्सं यायचा रे तो. तोंड वळखीचं नव्हतं का त्याचं?'

शिर्डीत एक अनोळखी तरुण फकीर आला, म्हाळसापतींनी त्याला 'साई' म्हणून हाक मारली, त्याने ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागितली आणि मोडक्या मशिदीत मुक्काम केला, ही गोष्ट मला सच्चरितात वाचण्याआधी आजीकडून ठाऊक होती. गावाने सुरुवातीला त्याला वेडा म्हटलं, दुकानदारांनी दिव्याला तेल नाकारलं, हेसुद्धा तीच सांगायची. राईनपाडा आणि द्वारकामाई यांच्यामध्ये दोन आठवडेसुद्धा नव्हते. एकाच फोनवर, त्याच बोटांनी, भिंतीच्या पोपड्यात आम्हाला फकिराचा चेहरा दिसत होता.

तर गोठ्याचा फोटो. घरचे उत्तराची वाट बघत होते. अकरा चौकोनांचा फोटो पाठवून सगळ्यांना हसवावं असं आधी मनात होतं. म्हशीच्या पाठीवरच्या चौकोनाने नक्की हशा पिकला असता. ते काही पाठवलं नाही. 'मला पण दिसले. पण भिंत पडायला आलीय, म्हैस दुसरीकडे बांधा' एवढंच लिहिलं. दोन्ही खरं होतं. पुढच्या आठवड्यात काकांनी म्हैस हलवली आणि पोळ्याच्या आधी ती भिंत बसली.

मग मी त्याच ग्रुपवर २०१८ पर्यंत मागे गेलो. अंगठा दुखेपर्यंत. शिर्डीचा फोटो सापडला. त्याच्या डोक्यावर बारीक राखाडी अक्षरांत 'फॉरवर्डेड' लिहिलेलं आहे. व्हॉट्सॲपने ही खूण आणली १० जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर नऊ दिवसांनी. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादाही जाहीर झाली.

जूनमधली क्लिप त्याच्या थोडी वर आहे. तिच्यावर अशी खूण नाही. ती माझीच म्हणून दिसते, माझ्या नावाने, रात्री पावणेबाराला पाठवलेली, खाली आईचा अंगठा.