कवळी, कळ आणि भीती

दातांविषयी दोन गोष्टी बहुतेक घरांत पाहायला मिळतात. एक म्हणजे आजी-आजोबांची रात्री पाण्यात ठेवलेली कवळी. दुसरी म्हणजे दातांच्या डॉक्टरांचे नाव काढताच पलंगाखाली दडणारे मूल. मूलच कशाला, मोठी माणसेही दाढ ठणकत असताना लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून दिवस काढतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. कवळी आणि भीती या दोन गोष्टींचा आपण सहसा वेगवेगळा विचार करतो. इतिहासात मात्र त्या एकमेकींत चांगल्याच गुंतलेल्या आहेत. कवळी नीट बसावी या खटपटीतूनच वेदनारहित शस्त्रक्रियेचा शोध पुढे आला आणि वेदना गेल्यावर कवळीचे पीक वाढले. हा गुंता कसा झाला ते आपण पाहू.

कीड आणि खुर्ची

मराठीत आपण 'दात किडला' असे म्हणतो. या शब्दात फार जुनी समजूत दडलेली आहे. दातात खरोखरीची अळी असते आणि ती दात पोखरते, असे प्राचीन बॅबिलोनपासून युरोप-आशियातील अनेक समाजांत मानले जात होते. पॅरिसचे दंतवैद्य पिअर फोशार यांनी किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना अळी कोठेच दिसली नाही. १७२८ साली त्यांनी दंतशल्यचिकित्सेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात या ग्रंथापासून मानतात.

फोशार यांच्या ग्रंथातील एक सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या काळी दात उपटणारा माणूस रुग्णाला जमिनीवर बसवी आणि त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत घट्ट धरून चिमटा चालवी. जत्रेत, बाजारात, बघ्यांच्या गर्दीत हे काम चाले. फोशार यांनी सांगितले, की रुग्णाला भक्कम खुर्चीत नीट बसवावे. आज ज्या खुर्चीची मुलांना धास्ती वाटते, ती मुळात रुग्णाच्या सोयीसाठी आलेली आहे. आणि त्यापूर्वीच्या लोकांना भीती वाटत होती यात नवल काहीच नाही. बधिर करण्याचे औषध नव्हते. दात मोडून मूळ आत राहिले तर जबडा फोडावा लागे. त्या भीतीला पुरेसे कारण होते.

राष्ट्राध्यक्षांची कवळी

दात गेल्यावर काय करायचे? अठराव्या शतकातील युरोप-अमेरिकेत श्रीमंतांसाठी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरत. तिच्यात माणसांचे किंवा जनावरांचे दात बसवत. वरची पट्टी खाली पडू नये म्हणून वरच्या आणि खालच्या पट्टीला धातूच्या स्प्रिंगा जोडत. स्प्रिंगा दोन्ही पट्ट्या सतत एकमेकींपासून दूर ढकलत. त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाच जोर लागे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७८९ साली ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती अशी दंतकथा अमेरिकेत शाळाशाळांतून सांगितली जाई. प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, शिसे, माणसांचे व जनावरांचे दात आणि स्प्रिंगा यांच्या होत्या. त्या ओठ पुढे ढकलतात अशी तक्रार त्यांनी आपले दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांच्याकडे पत्रातून केली होती.

वॉशिंग्टन यांच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे. दंतवैद्याच्या खात्यावर, कृष्णवर्णीय गुलामांकडून घेतलेल्या ९ दातांचे ६ पौंड २ शिलिंग दिल्याची ती नोंद आहे. म्हणजे एकाच्या तोंडातील दात दुसऱ्याच्या तोंडातून येत होते. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दातही असेच काढून विकले गेले. चिनी मातीचे दात पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी तयार होऊ लागले होते, पण भाजताना माती आकसे आणि माप चुके. ते तंत्र सुधारेपर्यंत मेलेल्यांच्या आणि गरिबांच्या दातांना बाजार होता.

स्प्रिंगेवाचून टिकते कशी?

लाकडी कवळी ही दंतकथा वॉशिंग्टन यांच्याबाबत खोटी असली, तरी जपानमध्ये ती खरी होती. वाकायामा येथील गान्जोजी या बौद्ध मंदिराशी संबंधित नाकाओका तेई नावाची भिक्षुणी १५३८ साली वारली. तिची लाकडातून कोरलेली वरची कवळी आजही जपून ठेवलेली आहे. तिला स्प्रिंग नाही. ती केवळ नेमक्या मापामुळे टाळूला चिकटून राही.

जपानी कारागीर आधी मधमाश्यांच्या मेणाने तोंडाचा ठसा घेत. त्याबरहुकूम लाकूड कोरत. मग हिरड्यांना लाल रंग लावून कवळी बसवत. जेथे लाकडाला रंग लागे तेथे ते टोचते असे समजून तेवढाच भाग तासत. आजचे दंतवैद्य आपल्याला रंगीत कागद चावायला देतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

माप नेमके असले की कवळी का टिकते, हे वर्गात सहज दाखवता येते. काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या. कोरड्या असताना त्या सहज सुट्या होतात. मध्ये पाण्याचा एक थेंब टाकून दाबा आणि मग सरळ ओढून पाहा. त्या सुटत नाहीत, बाजूला सरकवाव्या लागतात. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा असाच पातळ थर असतो. थर जितका पातळ तितकी पकड घट्ट. फट मोठी झाली की पकड गेली. कडेने हवा शिरली तरी गेली. म्हणून कवळीच्या इतिहासातला खरा प्रश्न ठशाचा आणि मापाचा होता. वस्तू कशाची आहे हा प्रश्न नंतरचा.

मुळे काढायची कशी?

आता आपण १८४०च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टनला जाऊ. हॉरेस वेल्स आणि विल्यम मॉर्टन या दोन तरुण दंतवैद्यांनी तेथे भागीदारीत धंदा सुरू केला. कृत्रिम दात सोन्याच्या पट्टीवर बसवण्यासाठी त्यांनी काळा न पडणारा डाक वापरला होता. अडचण एकच होती. पट्टी हिरडीवर नीट बसायची तर तोंडात राहिलेली तुटकी मुळे सगळी काढावी लागत. हे ऐकले की गिऱ्हाईक परत जाई. नवे दात हवेत, पण त्यासाठीची कळ नको.

१० डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड येथे वेल्स यांनी 'हसवणाऱ्या वायू'चा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, करमणुकीचा प्रयोग पाहिला. वायू हुंगून नाचणाऱ्या एका माणसाच्या पायाला चांगलीच जखम झाली, पण त्याला ती जाणवली नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी स्वतः तो वायू हुंगला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दाढ काढवून घेतली. त्यांना वेदना झाल्या नाहीत. पण १८४५च्या जानेवारीत बोस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांपुढे त्यांनी प्रयोग केला तेव्हा वायू अपुरा पडला, रुग्ण ओरडला आणि सभेने वेल्स यांची हुर्यो उडवली.

मॉर्टन यांनी ईथर वापरले. ३० सप्टेंबर १८४६ रोजी त्यांनी ईथर देऊन एका माणसाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात शल्यविशारद वॉरन यांनी ईथरच्या गुंगीतील रुग्णाच्या मानेवरची गाठ कापली. हा दिवस शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार मोठा मानला जातो. पुढे श्रेयावरून कटू वाद झाले. वेल्स यांनी १८४८ साली आत्महत्या केली. कवळी विकताना आलेली एक अडचण सोडवू पाहणाऱ्या दोन दंतवैद्यांनी साऱ्या शस्त्रक्रियेला दिशा दिली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

रबर आले, दात गेले

वेदनेचा प्रश्न असा सुटू लागला तोच स्वस्त कवळीचाही सुटला. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ बनवण्याची रीत शोधली. गंधकाचे प्रमाण वाढवले की कठीण रबर, म्हणजे व्हल्कनाइट, तयार होते. तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यावरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा करायचा, साच्यात दात मांडून कच्चे रबर भरायचे आणि वाफेच्या भांड्यात सुमारे १६० अंश सेल्सिअसला तापवायचे. कवळी अगदी मापात उतरे आणि सोन्याच्या मानाने खर्च किरकोळ होई.

या रबराच्या कवळीचे पेटंट एका कंपनीने मिळवले आणि दंतवैद्यांकडून परवान्याची फी वसूल केली. न देणाऱ्यांवर खटले भरले. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांनी ज्यांचा पिच्छा पुरवला त्यांपैकी सॅम्युअल चाल्फंट या दंतवैद्याने १८७९च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बेकन यांना गोळी घालून ठार केले. १८८१ साली पेटंटची मुदत संपली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅक्रिलिक आले आणि हिरडीच्या रंगाची कवळी शक्य झाली. ठसा, प्लॅस्टर आणि साचा ही रीत मात्र तीच राहिली.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. दात काढणे दुखेनासे झाले आणि कवळी स्वस्त झाली, तेव्हा दात वाचवण्याची खटपट करणार कोण? त्यात १९१० साली इंग्रज वैद्य विल्यम हंटर यांनी तोंडातील दूषित जागांमुळे शरीरातील अनेक रोग होतात असे आग्रहाने मांडले. या मताच्या प्रभावाखाली अनेक डॉक्टरांनी चांगले दातही काढायला लावले. ब्रिटनच्या काही भागांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी भेट देण्याची रीत होती. पुढे दंतवैद्याचा त्रास नको, हा त्यामागचा हिशेब! १९६८च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधील प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९च्या पाहणीत इंग्लंडमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलेले दिसले. वेदना थांबवणे आणि दात टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

सवय म्हणजे शिकणे

कवळी हा दाताचा पर्याय असला तरी ती दात नव्हे. नैसर्गिक दात जबड्याच्या हाडात तंतूंनी टांगलेले असतात. एका जबड्यातील दातांच्या मुळांभोवती हा आधार सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर असतो. वरच्या कवळीला टेकायला सुमारे २३ आणि खालच्या कवळीला अवघे १२ चौरस सेंटिमीटर मिळतात आणि तेही नाजूक त्वचेचे. शिवाय खालच्या कवळीला जीभ सतत धक्के देते. म्हणून बहुतेकांची तक्रार खालच्या कवळीबद्दल असते.

नवी कवळी तोंडात गेली की सुरुवातीला लाळ फार सुटते, कारण तोंडाला तो घास वाटतो. 'स', 'च' ही अक्षरे अडखळतात, कारण जिभेच्या टोकाची ओळखीची जागा बदललेली असते. पुढच्या दातांनी पेरू तोडायला गेले की तरफेसारखी मागची बाजू उचलते. म्हणून लहान तुकडे करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायचे असते. मोठ्याने वाचन केले की उच्चार लवकर सुधारतात. बरे चावता यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. टोचत असेल तर घरी कानस न चालवता दंतवैद्याकडून तेवढाच भाग घासून घ्यावा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात मात्र नको, कारण अॅक्रिलिक वाकते. दात गेल्यावर जबड्याचे हाडही वर्षानुवर्षे झिजत जाते. म्हणून आज घट्ट असलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. त्यात वापरणाऱ्याचा दोष नसतो.

या काळात घरच्यांनी हसू नये. सायकल शिकणाऱ्या मुलाला आपण जितका वेळ देतो तितका आजोबांनाही द्यावा.

भीतीचे काय?

आज परिस्थिती पार बदलली आहे. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेनमुळे तेवढाच भाग बधिर करता येतो. १९५७ साली आलेल्या हवेच्या झोताने फिरणाऱ्या यंत्राने, मिनिटाला लाखो फेरे घेत, दात कोरण्याचा वेळ फार कमी केला. मग भीती उरली का?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेराल्ड केंट यांनी १९८५ साली एक उद्बोधक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना उपचाराआधी विचारले, किती दुखेल असे वाटते? उपचार संपताच विचारले, किती दुखले? आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा किती दुखले होते? जास्त घाबरणाऱ्यांची तीन महिन्यांनंतरची आठवण प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा आधीच्या अपेक्षेशी अधिक जुळली. म्हणजे चांगला अनुभव पुसला गेला आणि भीती पुन्हा जागेवर आली. भित्र्या माणसाला 'काही होत नाही' एवढे सांगून भागत नाही ते यामुळेच.

उपाय असा, की ठणका लागायच्या आधीच, नुसते तपासण्यासाठी जावे. डॉक्टरांना आपली भीती उघड सांगावी. हात वर केला की थांबायचे, असे आधीच ठरवून घ्यावे. लहान मुलांबाबत दंतवैद्य 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' अशी रीत वापरतात. शिक्षकांना ती नवी वाटू नये, कारण चांगला शिक्षक प्रयोगशाळेत हेच करतो.

आणि एक गोष्ट आपल्या हाती आहे. 'मस्ती केलीस तर डॉक्टरकडे नेऊन टोचून आणीन' हे वाक्य घरात आणि शाळेत सर्रास ऐकू येते. जत्रेत दात उपटणारा केव्हाच गेला. त्याची भीती मात्र आपण या वाक्यातून पुढच्या पिढीच्या हाती देतो. हे मूल मग दात ठणकेपर्यंत थांबते, वाचवता आला असता तो दात काढावा लागतो आणि एक दिवस कवळीचे माप द्यायची वेळ येते. ही साखळी तोडायला ईथरएवढा मोठा शोध नको, ते वाक्य न उच्चारणे पुरेसे आहे.