रानघोडे आणि कॅमेऱ्याची साक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेव्हाडा हें संस्थान बहुतांशीं ग्रेट बेसिन या विस्तीर्ण कोरड्या प्रदेशांत पसरलेलें आहे. येथील नद्या समुद्रास मिळत नाहींत. त्या खाऱ्या तळ्यांत विसावतात किंवा वाळूंत जिरून जातात. उन्हाळा सरून शरद् ऋतु लागला म्हणजे झऱ्यांचें पाणी अगदीं उणावलेलें असतें, सेजब्रशच्या करड्या माळावर रॅबिटब्रशचीं पिवळीं फुलें फुललेलीं असतात, आणि मस्टँग या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रानघोड्यांचे कळप उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येऊं लागतात. छायाचित्रकार त्यांची वाट पाहत बसतात ते याच दिवसांत.

प्रथम दूरवर धूळ दिसते. मग एकामागून एक घोड्या, त्यांच्या अंगास लागून वसंतांत जन्मलेलीं व आतां सहा महिन्यांचीं झालेलीं शिंगरें, आणि मागें कळपाचा धनी नर. एखादी घोडी रेंगाळली तर तो कान मागें टाकून, मान जमिनीलगत सापासारखी हालवीत तिला पुढें हांकतो. कळपाबाहेर घालविलेले तरुण नर आपली निराळी टोळी करून कांहीं अंतरावर चरत असतात. पाहणारानें निदान शंभर फूट दूर राहावें, असा तेथील सरकारी खात्याचा सल्ला आहे. म्हणून दूरचें भिंग लावून तासन्‌तास स्वस्थ बसावें लागतें. अशा वेळीं घेतलेलें एखादें चित्र पाहिलें म्हणजे आपण म्हणतों, स्वातंत्र्य असावें तर असें! परंतु या स्वातंत्र्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे, आणि खुद्द छायाचित्रानेंच त्यांत महत्त्वाचें कार्य केलेलें आहे.

घोड्याच्या कुळाचा उगमच मुळीं उत्तर अमेरिकेंतला. तेथूनच तो आशियांत आला. परंतु सुमारें १० हजार वर्षांपूर्वीं मायभूमींतून मात्र तो नामशेष झाला. १४९३ सालीं कोलंबसाच्या दुसऱ्या सफरींत स्पॅनिश जहाजांनीं त्याला पुन्हां पश्चिम गोलार्धांत आणलें. १५१९ मध्यें कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां त्याच्याजवळ १६ घोडे होते. न्यू मेक्सिकोंतील प्वेब्लो लोकांनीं १६८० सालीं बंड करून स्पॅनिशांना हांकलून लावलें, व त्यानंतरच घोडे मूळ रहिवाशांमध्यें दूरवर पसरले, असें पुष्कळ दिवस मानीत असत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अस्थिसंशोधनानें तो समज दूर केला. बंडाच्या कितीतरी आधीं तेथील मूळ रहिवासी घोडे पाळीत होते. सुटलेल्या व चुकलेल्या जनावरांची संतति माळावर वाढत गेली. पुढें लष्कराचे व पशुपालकांचे घोडेहि तींत मिसळले. मालक नसलेल्या जनावरास स्पॅनिश भाषेंत ‘मेस्तेन्यो’ म्हणत. मस्टँग हा त्याचाच अपभ्रंश. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ‘बेवारशी’.

जो कोणाचाच नाहीं, त्याच्यावर हात टाकण्यास कोणाचीच हरकत नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, गुरांच्या चराईच्या आड येतात म्हणून, या घोड्यांचा पाठलाग सुरू झाला. विमानानें त्यांना डोंगरांतून हुसकून काढावें, मैदानांत मालमोटारींनीं गांठावें, आणि गळ्यांत पडलेल्या फांसाच्या दुसऱ्या टोकास जड टायर बांधून तो ओढतां ओढतां त्यांचा दम उखडावा, अशी रीत पडली. मांस कुत्र्यांचें व कोंबड्यांचें खाद्य म्हणून विकलें जाई.

१९५० सालीं रीनो शहरीं सेक्रेटरीचें काम करणाऱ्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंना कामावर जातांना एका मालमोटारींतून रक्त ठिबकतांना दिसलें. मागोवा घेतां तींत कत्तलखान्याकडे चाललेले जखमी घोडे आढळले. बाईंनीं लढा आरंभिला. विरोधकांनीं त्यांना ‘रानघोड्यांची ॲनी’ असें थट्टेनें म्हटलें. तेंच नांव त्यांनीं बिरुदासारखें मिरविलें. परंतु दूर माळावर घडणारी गोष्ट शहरांतील माणसांनीं खरी कशी मानावी? १९५१ मध्यें गस बंडी या छायाचित्रकारानें अशाच एका धरपकडीचीं चित्रें घेतलेलीं होतीं. तीं या लढ्याच्या कामीं आलीं. शाळकरी मुलांनीं आपल्या प्रतिनिधींना पत्रें धाडलीं. १९५९ सालीं सार्वजनिक जमिनींवरील रानघोडे विमान वा मोटार वापरून पकडण्यास कायद्यानें बंदी झाली. आणि १५ डिसेंबर १९७१ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं त्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. बेवारशी जनावरास अखेर सरकार हा वाली मिळाला.

इतिहास मात्र येथें थांबला नाहीं. घोड्यांना मारणारे हिंस्र पशु थोडे असल्यानें कळप चार-पांच वर्षांत दुप्पट होऊं शकतो. सरकारी हिशेबाप्रमाणें त्या जमिनी सुमारें २५ हजार घोडे व गाढवें पोसूं शकतात. २०२४ सालीं त्यांची संख्या ७३ हजारांवर होती. त्याच जमिनींवर गुरांनाहि चराईचे परवाने आहेत. तेव्हां संख्या कमी करावयाची ती कोणाची, हा वाद कडाक्याचा आहे. १९७६ च्या कायद्यानें हेलिकॉप्टरचा उपयोग पुन्हां खुला झाला, आणि २०२४ सालीं पकडून आणलेलीं ६० हजारांहून अधिक जनावरें सरकारी कोंडवाड्यांत व भाड्याच्या कुरणांत पोसलीं जात होतीं.

बंडीच्या चित्रांचें मोल असें कीं, लोकांच्या दृष्टीआड जें चाललें होतें तें त्यांनीं समोर आणून ठेवलें. आजचीं सुंदर चित्रें आपल्याला उधळलेली आयाळ दाखवितात. आटलेला झरा, तुडविलेलें गवत आणि कोंडवाड्याचें कुंपण त्यांत क्वचितच येतें. वाळवंटांतील कळपाचा निवाडा शेवटीं पाण्यावर व चाऱ्यावर होणार आहे. म्हणून शरदांत त्या माळावर कॅमेरा घेऊन जाणारानें घोड्याबरोबर तो पाणवठाहि चौकटींत घ्यावा.